घरच्या घरी सायकलची निगा आणि छोटी दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं रोज वापरात असलेल्या साध्या सायकलींसाठी आहेत : २८ इंची काळी सायकल, लेडीज सायकल, कॉलेजला नेतात ती गिअरवाली आणि मुलांच्या छोट्या सायकली. शर्यतीच्या महागड्या सायकलींना बरंच काही वेगळं लागतं, ते इथे नाही. सायकलच्या बहुतेक तक्रारी तीन गोष्टींतून निघतात : कमी हवा, कोरडी चेन आणि ढिला नट. म्हणून सुरुवात हवेपासून.

चाकात हवा किती भरायची?

टायरच्या कडेवर आकडा उमटवलेला असतो. तिथे लिहिलेल्या जास्तीत जास्त दाबाच्या पुढे जायचं नाही. अंदाजासाठी : २८ × १½ च्या काळ्या सायकलीला ४५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलीला ३५ ते ५०, मध्यम जाडीच्या हायब्रिडला ५० ते ७०, मुलांच्या १६ आणि २० इंचीला ३० ते ४०. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, कॅरिअरवर ओझं असेल तर आणखी. म्हणून मागे पुढच्यापेक्षा पाचेक पीएसआय जास्त ठेवा.

दाब मोजायचा गेज नसेल तर अंगठ्याने टायरच्या मधोमध नाही, बाजूने दाबून बघा. जेमतेम दबला पाहिजे. मग सायकलवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागचं चाक बघायला सांगा. टायर जमिनीवर पसरलेला दिसला तर हवा कमी आहे.

कमी हवेवर सायकल चालवणं ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. खड्ड्यात रिम थेट ट्यूबवर आदळते, टायरच्या कडा भेगाळतात. शिवाय टायर रिमवर हळूहळू सरकतो, सोबत ट्यूबही ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. रिमच्या भोकातून व्हॉल्व्ह सरळ न येता तिरपा आलेला दिसला, तर ते सुरू झालंय असं समजा. हवा सोडा, टायर हाताने मागे सरकवून व्हॉल्व्ह सरळ करा आणि पुन्हा नीट हवा भरा.

पेट्रोल पंपावर हवा भरली तर चालते का?

व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर नळी थेट बसते. पण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडीच आणि कॉम्प्रेसरचा झोत मोठा असतो. एकेक सेकंद भरा, थांबा, टायर दाबून बघा. एका दमात भरली तर टायर रिममधून बाहेर येतो आणि ट्यूब फुटते. काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हला ही नळी बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर मिळतो. तरी आमच्या मते घरात एक उभा पंप असलेला केव्हाही चांगला, कारण तो असला की आठवड्याला हवा भरली जाते.

रात्री हवा भरली, सकाळी चाक बसलेलं. पंक्चरच असेल ना?

काळ्या किंवा लेडीज सायकलीत आधी व्हॉल ट्यूबवर संशय घ्या. या व्हॉल्व्हच्या आत एक पितळी पिन असते, तिच्या अंगावर बारीक भोक असतं आणि त्यावर पातळ रबरी नळी, म्हणजे व्हॉल ट्यूब, चढवलेली असते. आत जाणारी हवा ही नळी फुगवून वाट काढते, परत येणारी हवा तीच नळी दाबून भोक बंद करते. उन्हाने हे रबर कडक होतं, चिकटतं किंवा चिरतं आणि हवा हळूहळू निसटते.

तपासायला व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. फुगा आला तर रबर गेलं. वरची नक्षीदार चकती सोडवून पिन बाहेर ओढा, जुनं रबर नखाने खरवडून काढा. साधारण अडीच सेंटीमीटर नवीन व्हॉल ट्यूब कापा, पाण्याने ओली करा आणि भोक झाकून पुढे पिनेच्या जाड भागापर्यंत ढकला. तेल लावू नका, तेलाने हे रबर कुजतं. वीतभर व्हॉल ट्यूब घरात असू द्या. वर्षातून एकदा काही बिघडलेलं नसलं तरी बदला.

या व्हॉल्व्हवर गेज लावून दाब नीट मोजता येत नाही, कारण आतलं रबर हवा बाहेर येऊच देत नाही. तिथे अंगठ्यावरच भरवसा.

पंक्चर घरी काढायचं तर नेमकं कसं?

चाक काढायची गरज नाही. विशेषतः चेनकव्हर असलेल्या सायकलीचं मागचं चाक पंक्चरसाठी काढणं म्हणजे तासभराचं काम वाढवून घेणं. दुकानातले मिस्त्रीही टायरची एकच बाजू उघडून ट्यूब बाहेर ओढतात.

सायकल स्टँडवर उभी करा. सगळी हवा सोडा, व्हॉल्व्हचा रिमवरचा नट काढा. आता खरी युक्ती : टायरच्या दोन्ही कडा बोटांनी चिमटीत धरून चाकभर रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. त्यामुळे टायर सैल पडतो आणि पुढचं सगळं सोपं होतं. व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने सुरुवात करा. एक टायर लिव्हर घालून कड बाहेर काढा, दहा सेंटीमीटरवर दुसरा घाला आणि सरकवत न्या. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. त्याच्या टोकाने एका पंक्चरची दोन होतात.

ट्यूब बाहेर ओढा, थोडी हवा भरा आणि गालाजवळून फिरवा. गालाला बारीक हवाही कळते. नाही सापडलं तर बादलीतल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत न्या आणि प्रत्येक ठिकाणी हलकी ताणा. बुडबुडे जिथून येतात तिथे बॉलपेनने मोठी फुली मारा. फुलीचे हात पॅचच्या बाहेर आले पाहिजेत, नाहीतर घासताना खूण पुसून जाते आणि पुन्हा शोधाशोध. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण ट्यूब फिरवून बघा.

जागा कोरडी करा, मग सँडपेपरने घासा. ट्यूबची चकाकी जाऊन ती मळकट काळी दिसली पाहिजे. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असेल तर ती पूर्ण सपाट करा, नाहीतर तिच्या कडेने हवा निसटते. सोल्यूशनचा पातळ थर लावा, पॅचपेक्षा सगळीकडून सेंटीमीटरभर जास्त. आणि थांबा. चार-पाच मिनिटं, पावसाळ्यात आणखी जास्त. सोल्यूशनची ओली चमक गेली की ते तयार. घरी काढलेली बहुतेक पंक्चरं फसतात ती इथेच : ओल्या सोल्यूशनवर पॅच ठेवला की तो घसरतो आणि दोन दिवसांत सुटतो. सोल्यूशन हे नुसतं चिकटवायला नसतं, ते रबराला रबराशी एकजीव करतं, आणि त्याला आधी वाळावं लागतं.

पॅचच्या खालचा कागद काढा, त्या बाजूला बोट लावू नका. मधून कडेकडे अंगठ्याने दाबत जा, मग सपाट लाकडावर ठेवून हातोडीच्या दांड्याने घोटा. वर टाल्कम पावडर भुरभुरवा म्हणजे उरलेलं सोल्यूशन टायरला चिकटणार नाही.

तयार पॅच नसेल तर जुन्या ट्यूबचा गोल तुकडा चालतो, पण मग दोन्ही पृष्ठभाग घासायचे, दोन्हींवर सोल्यूशन लावायचं आणि दोन्ही वाळू द्यायचे.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा किंवा तारेचा तुकडा असेल तिथे कापूस अडकतो. थेट बोट फिरवलं तर बोट कापतं. मग ट्यूबला आकार येण्यापुरती हवा भरा, व्हॉल्व्ह भोकात घाला आणि टायर हातानेच चढवत व्हॉल्व्हपाशी येऊन संपवा. शेवटचा भाग घट्ट वाटला तर समोरच्या बाजूची कड पुन्हा रिमच्या खोलगट भागात ढकला, सैल पडते. व्हॉल्व्ह एकदा टायरच्या आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब चिमटलेली राहणार नाही. निम्मी हवा भरून चाक फिरवा. रिमच्या काठाने टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की उरलेली हवा भरा.

काढलं तरी आठवड्याभरात पुन्हा पंक्चर. असं का होतं?

भोक बुजवलं, पण ते पाडणारं कारण तसंच राहिलं. भोक कुठे आहे ते वाचता आलं पाहिजे. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, खिळा किंवा तार. बाभळीचा काटा टायरच्या आत मोडून राहतो आणि बाहेरून दिसत नाही. सराटे तर कोरड्या माळावर एका फेरीत तीन-चार भोकं पाडतात. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती, रिमने ट्यूब चेचली. रिमच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला भोक असेल तर चाकाच्या एखाद्या तारेचं (स्पोकचं) टोक वर आलंय किंवा रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे. ते टोक कानशीने घासा, नवीन पट्टी घाला. पट्टी मिळाली नाही तर जुन्या ट्यूबची लांब फीत कापून चालते.

ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवर कुठे होता याची खडूने खूण करून ठेवा. मग ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली नेमकी जागा शोधता येते.

एका ट्यूबवर किती पॅच चालतात?

नीट बसलेले चार-पाच पॅच काही त्रास देत नाहीत. पॅचवर पॅच मात्र लावू नका. चीर सेंटीमीटरपेक्षा लांब असेल किंवा भोक व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल तर ट्यूबच बदला.

नवीन टायर-ट्यूब आणताना दुकानात काय सांगायचं?

फक्त «सव्वीसचा द्या» असं सांगू नका. २६ × १⅜ आणि २६ × १.९५ ही दोन वेगळी मापं आहेत. पहिल्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. लेडीज सायकलीला बहुधा पहिला लागतो, गिअरवाल्या जाड टायरच्या सायकलीला दुसरा. काळ्या सायकलीचा २८ × १½ म्हणजे ६३५, आणि ७००सी तसंच २९ इंची म्हणजे ६२२. टायरच्या कडेवर ४०-६३५ असा जोडआकडा असेल तर त्याचा फोटो काढून न्या. व्हॉल्व्ह कोणता हवा तेही सांगा, कारण रिमचं भोक त्याच मापाचं असतं.

चेनला कोणतं तेल घालायचं? खोबरेल चालेल का?

खोबरेल नको. थंडीत थिजतं, उन्हाळ्यात ओघळतं आणि काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरतं. स्वयंपाकाचं कुठलंही तेल तसंच. गॅरेजमधलं जळकं ऑइलही नको. त्यात इंजिनातला लोखंडाचा कीस आणि काजळी असते, चेनला तो सँडपेपरसारखा घासतो. ग्रीस वरून फासलं तर आत पोचत नाही, बाहेर माती गोळा करतं. गंज सोडवायचे स्प्रे पाणी हटवतात आणि अडकलेलं मोकळं करतात, पण ते लवकर उडून जातात. नुसत्या त्यांच्यावर चेन दोन-तीन दिवसांत कोरडी पडते.

सायकलच्या चेनसाठी मिळणारं तेल सर्वांत चांगलं. ते नसेल तर शिलाई मशीनचं तेल कोरड्या दिवसांत चालतं, फक्त लवकर लवकर घालावं लागतं. पावसाळ्यात नवं, न वापरलेलं इंजिन ऑइल थोडं घाला, ते टिकतं.

तेल किती घालता यापेक्षा कुठे घालता ते महत्त्वाचं. आधी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवा, काळा मळ निघेपर्यंत. कोरडी होऊ द्या. मग चेनच्या खालच्या पट्टीत, प्रत्येक रोलरवर एकच थेंब. जोडसांध्यापासून सुरुवात केली की फेरी कुठे संपली ते कळतं. वीस-तीस वेळा पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. पुसताना जीव हळहळतो, पण काम करणारं तेल रोलरच्या आत असतं. बाहेरचं फक्त धूळ बोलावतं.

रोजच्या वापरात उन्हाळ्या-हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, पावसात भिजल्यावर त्याच दिवशी.

चेन सारखी उतरते. काय करावं?

बिनगिअरच्या सायकलीत बहुधा चेन ढिली झालेली असते. दोन चक्रांच्या मधोमध चेन बोटाने वर-खाली करून बघा. एकूण हालचाल सेंटीमीटर ते दीड सेंटीमीटर हवी. पण एकाच जागी बघून थांबू नका. पुढचं चक्र अगदी गोल क्वचितच असतं, त्यामुळे पायडल फिरवताना चेन कुठे घट्ट, कुठे सैल होते. जिथे सर्वांत घट्ट असते तिथे हे माप घ्या.

मागच्या चाकाचे दोन्ही नट थोडे सोडवा, चाक मागे ओढा आणि आधी चेनकडच्या बाजूचा नट हलका आवळा. मग चाक फ्रेमच्या दोन्ही नळ्यांच्या मधोमध आणून दुसरा नट आवळा, शेवटी दोन्ही पूर्ण. मागे ताण द्यायचे स्क्रू असतील तर दोन्ही बाजूंना सारखे फिरवा. फार घट्ट केली तर पायडल जड जातं आणि छर्रे खराब होतात.

चाक मागे ओढायला जागाच उरली नसेल तर चेन झिजली आहे.

चेन झिजली हे कसं ओळखायचं?

स्टीलच्या पट्टीने. नवीन चेनच्या एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर असते. चेन ताणून धरा आणि मोजा. १२ इंचांच्या पुढे ¹⁄₁₆ इंच गेली असेल तर चेन बदला. ⅛ इंच गेली असेल तर चेनसोबत फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चक्रही बदलावं लागतं, कारण जुन्या दात्यांवर नवीन चेन उडते. चेन वेळेत बदलली तर फ्रीव्हील वाचतं, म्हणून ही पट्टी वर्षातून दोनदा लावाच.

चेन जोडताना सांध्यावरच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवा. उलटी बसवली तर कशालातरी घासून निघते.

चालवताना टक-टक आवाज येतो. कुठून येत असेल?

आधी मोजा. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येतो की चाकाच्या प्रत्येक फेरीला? पायडल थांबवून सायकल नुसती सोडली तरी येतो का? उभं राहून चालवलं की थांबतो का? या तीन प्रश्नांनी निम्मं काम होतं.

पायडलच्या फेरीला एकदा आणि जोर दिला की जास्त, तर क्रँक (पायडलचा दांडा) किंवा पायडल. काळ्या सायकलीत बहुधा क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी कॉटर पिन ढिली असते. एक क्रँक खाली धरून दुसरी हाताने हलवा. ती एक्सलवर जराशी डोलत असेल तर तीच. चाकाच्या फेरीला एकदा आणि पायडल थांबवूनही येत असेल तर सैल तार, मडगार्डला लागणारा टायर किंवा टायरमध्ये रुतलेला खडा. फक्त बसलेलं असताना येत असेल तर सीट. सीटच्या स्प्रिंगच्या सांध्यांना तेलाचा थेंब द्या, खालचा नट आवळा.

कॉटर पिन नुसती नट आवळून घट्ट करू नका. नटाचं काम पिन धरून ठेवायचं, आत खेचायचं नाही. जोर लावला की पिनेचे आटे जातात. क्रँकखाली लाकडाचा भक्कम ठोकळा ठेवा, हातोडीने पिन आत ठोका, मग नट आवळा. दहा-बारा किलोमीटर चालवून पुन्हा तेच करा. पिनेच्या सपाट बाजूवर पायरी पडलेली दिसली तर नवीन पिन घाला. दोन बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. चुकलं तर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत. ढिल्या पिनेवर महिनाभर सायकल हाकली तर एक्सलची खाच खाल्ली जाते, मग एक्सलच बदलावा लागतो.

पायडल कुठल्या बाजूला फिरवून निघतं?

उजव्याचे आटे सरळ, डाव्याचे उलटे. लक्षात ठेवायची सोपी रीत : पायडलवर १५ मिमीचा पाना उभा, वर तोंड करून लावा. पुढच्या चाकाकडे ढकलला की दोन्ही पायडलं आवळतात, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार वेढे बोटांनीच द्या. पायडलांवर उ आणि डा अशा अर्थाची अक्षरं कोरलेली असतात, ती बघूनच बसवा. डावं उजवीकडे जबरदस्तीने घुसवलं की क्रँकचे आटे गेले.

ब्रेक लागत नाही किंवा किंचाळतो.

आधी रबर बघा. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बदला. रबर जाड आहे पण चकचकीत आणि कडक झालंय, तर सँडपेपरने वरचा थर काढा आणि त्यात रुतलेले धातूचे कण सुईने टोचून काढा. रिम साबणाच्या पाण्याने पुसा. चेनला तेल घालताना रिमवर उडालेला एक थेंबही ब्रेक निकामी करतो.

रबर रिमच्या पट्ट्यावरच पडलं पाहिजे. टायरला लागत असेल तर टायर कापतं, रिमच्या खाली उतरलं असेल तर तारांत अडकू शकतं. केबलच्या ब्रेकात रबर आणि रिम यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. मूठ पूर्ण दाबली तरी लिव्हर आणि हँडलच्या मध्ये दोन बोटं शिरली पाहिजेत. थोडा ढिलेपणा लिव्हरजवळची नक्षीदार चकती फिरवून निघतो. जास्त असेल तर ब्रेकवरचा केबलचा नट सोडवून, रबरं रिमला हाताने धरून, केबल पकडीने ओढून पुन्हा आवळा. केबलची एखादी तार जरी तुटलेली दिसली तरी पूर्ण केबल बदला.

किंचाळण्यावर उपाय : रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा मिलिमीटरभर आधी रिमला लागेल असं तिरपं बसवा. मागच्या टोकाखाली दुमडलेला पुठ्ठा ठेवून आवळलं की आपोआप तसं बसतं.

काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक खालून वर खेचले जातात. सळईवरचा छोटा जोडनट सोडवा, रबर रिमपासून तीनेक मिलिमीटरवर आणा आणि आवळा. रबराच्या खोबणीची बंद बाजू चाक फिरतं त्या दिशेला हवी, नाहीतर पहिल्याच जोराच्या ब्रेकला रबर निसटून पडेल. आणि हे मनावर घ्या : स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक खूपच कमी लागतो. पावसात वळणाच्या बरंच आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसत चला.

डिस्क ब्रेक असेल तर चकतीला तेल, ग्रीस किंवा बोटही लावू नका. केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकात चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटून बसतात.

चाक डुगडुगतं. आउट घरी काढता येतो का?

दोन मिलिमीटरपर्यंतचा येतो. आधी चाक हाताने आडवं हलवून बघा. आसावरच खेळत असेल तर दोष कोनचा, म्हणजे आसावर छर्रे धरणाऱ्या नटाचा आहे, तारांचा नाही.

चिमट्याला (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन दांड्यांना) एक काडी बांधा, टोक रिमच्या जवळ आणा आणि चाक सावकाश फिरवा. रिम जिथे डावीकडे येते तिथल्या उजव्या तारा आवळायच्या, डाव्या सैल करायच्या, प्रत्येक वेळी पाव फेरी. टायरच्या बाजूने बघितलं तर निपल (तारेच्या टोकाचा नट) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर आवळतं. गंजलेल्या निपलवर आदल्या दिवशी तेलाचा थेंब ठेवा. घाई केली की चाकाचं अंडं होतं आणि मग मिस्त्रीकडे दुप्पट काम.

काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. म्हणून एक तुटली तर ती शेजारच्या तारेला गुंडाळून घरी पोचता येतं. दुसऱ्या दिवशी मात्र बदलाच.

चाकाचे छर्रे घरी बदलावेत का?

वेळ आणि स्वच्छ ताट असेल तर जरूर. ताट अशासाठी की छर्रे उडतात. बहुतेक सायकलींत पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) ³⁄₁₆ इंची, एका बाजूला दहा आणि मागच्या हबला ¼ इंची, एका बाजूला नऊ. उघडताना मोजून ठेवा. जुने-नवे मिसळू नका, सगळे एकदम बदला. कप पुसून ग्रीस भरा, छर्रे त्यात रोवा. सगळे बसल्यावर एखादा मावेल एवढी फट उरायला हवी. कोनवर खड्डे पडले असतील तर कोनही बदला.

कोन आवळण्यातच कसब आहे. आस बोटांनी फिरवला तर खरखर नको आणि हलवला तर खेळ नको. वरचा नट आवळताना कोन सोबत थोडा फिरतो, म्हणून कोन पातळ पान्याने धरून ठेवा. दोन-तीनदा करावं लागतं, पहिल्या वेळी कुणालाच जमत नाही.

गिअर टाकला की चेन उडते.

गिअर मोठ्या दात्यावर चढायला कुरकुर करत असेल तर केबल सैल पडली आहे. मागच्या डिरेलरपाशी (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) केबल जिथे शिरते तिथली चकती मागून बघून घड्याळाच्या उलट दिशेने अर्धी फेरी फिरवा. लहान दात्यावर उतरायला वेळ लावत असेल तर सुलट दिशेने. सायकल डिरेलरच्या बाजूला पडली असेल तर मागून डोळा लावून बघा. डिरेलर आत वाकलेला दिसला तर चकती फिरवून काही होणार नाही.

पावसाळ्यात काय सांभाळायचं?

भिजून आल्यावर रिम आणि चेन पुसा, चेनला तेल घाला. पाच मिनिटांचं काम आहे. सायकल प्रेशरच्या नळीने धुऊ नका. पाणी हबमध्ये आणि पायडलच्या एक्सलमध्ये शिरतं आणि ग्रीस वाहून जातं. बादली, मग आणि जुना ब्रश पुरे. हबच्या वर पाणी साचलेल्या रस्त्यातून गेलात तर महिन्याभरात छर्रे उघडून बघा. कोकणात समुद्राजवळ खारी हवा बाराही महिने खाते, तिथे हँडल आणि रिमवरून आठवड्याला तेलाचा हात फिरवा.

चकचकीत भागांवर गंज आला असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा पाण्यात बुडवून घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडे पडत नाहीत. रंगावर हे करू नका.

सायकल दोन-तीन महिने बंद ठेवायची आहे.

गॅलरीत उन्हात नको, टायर भेगाळतात. चेनला तेल घाला, चाकं जमिनीवर टेकत असतील तर तीन आठवड्यांनी हवा भरा. बसलेल्या टायरवर सायकल उभी राहिली तर त्याच जागी तो चिरतो.

घरात कोणती हत्यारं हवीत?

उभा पंप, दोन टायर लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, व्हॉल ट्यूब, ८ ते १७ मिमीचे पाने, ४, ५ आणि ६ ची एलन की, पकड, तेलाची बुधली, फडकी. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, म्हणून लहानच घ्या. स्क्रू पाना नटाचे कोपरे गोल करतो. माप मिळत असेल तर अख्खा पानाच वापरा.

कोणतं काम घरी करूच नये?

वाकलेला चिमटा ठोकून सरळ करू नये. फ्रेमच्या सांध्यापाशी रंगाला बारीक रेघ दिसली आणि तिच्यातून गंज डोकावत असेल तर ती भेग असू शकते. सायकल लगेच थांबवा आणि मिस्त्रीला दाखवा. फ्रीव्हील काढायला, गंजून बसलेली कॉटर पिन काढायला आणि तेलाच्या ब्रेकमधली हवा काढायला खास हत्यारं लागतात. ती दुकानातच करून घ्या आणि शक्य असेल तर शेजारी उभं राहून बघा.